शैलीला तूच फोन कर

शहापूर, बेळगाव
पंचमीचा दुसरा दिवस

प्रिय सुरेखा,

फोनवर हे सांगायला घेतलं की तू मधेच "अगं पण" करतेस, म्हणून लिहायला बसले. सगळं वाचून झालं की मग बोल. आमच्याकडं सगळे बरे. ह्यांची साखर आटोक्यात आहे, सासूबाईंची कंबर कधी बरी कधी नाही, माझं ठीक.

काल शैली पंचमीला माहेरी आली होती. जेवणं झाल्यावर गल्लीतल्या सगळ्याजणी तिच्या आईच्या अंगणात जमल्या. पाऊस जरा थांबला होता. झिम्मा झाला, फुगड्या सुरू झाल्या, आणि शैली म्हणाली, "मी हितंच बसतो गं खुर्चीवर. तुम्ही धरा फेर." वहिनीनं प्लास्टिकची खुर्ची आणली, त्यावर उशी घातली. वय झालं की असंच, असं कुणीतरी म्हणालं आणि फेर पुन्हा सुरू झाला. माझ्या घशाखाली लाडू उतरेना. हे तुलाच कळेल, कारण त्या बायकांनी शैलीला खो-खोत खांबाला वळताना बघितलेलंच नाही.

आठ जणी चौकोनात उकिडव्या बसायचो, एकीचं तोंड इकडं, दुसरीचं तिकडं. पाठीवर खो पडला की श्वास घ्यायच्या आत सुटायचं. सातव्या मिनिटाला आपल्या पोटऱ्या थरथरायच्या, आणि ही पोरगी पहिल्या मिनिटासारखीच उठायची. (त्या फायनलला तू हात लागायच्या आधीच खो ओरडलीस. पंचांनी फाऊल दिला तो बरोबरच होता. एवढ्या वर्षांनी लिहून देते, फ्रेम करून लाव.) जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला, आपल्या पोरींनी आणि पोरांनी दोघांनीही फायनलला नेपाळला हरवलं, तेव्हा रात्री निपाणीहून पहिला फोन तिचाच. तास झाला तरी ठेवेना. ती बाई पन्नाशीच्या आतच खाली बसायचं सोडते, हे मला पटत नाही.

रात्री तिला खोदून विचारलं. गुडघ्यांचा एक्स-रे काढलाय. झीज सुरू झालीय, वजन थोडं उतरवा आणि मांड्यांचे व्यायाम करा, असं डॉक्टरांनी सांगितलं. व्यायामाची चित्रं काढलेला कागद घडी घालून पर्सच्या आतल्या कप्प्यात आहे, उघडलेलासुद्धा नाही. सगळ्या बोलण्यातला 'झीज' एवढाच शब्द तिनं घरी नेला. तेव्हापासून जिना नको, पाट नको, दुकानाच्या माळ्यावर चढणं नको. म्हणते, जेवढं वापरू तेवढं झिजेल. सुरे, खरं तर उलटं आहे. गुडघ्याला सांभाळतात मांडीचे स्नायू. ते वापरले नाहीत की वाळतात, मग सगळा भार सांध्यावर येतो, दुखणं वाढतं, आणि दुखतं म्हणून बाई आणखी कमी हलते. चाळिशीनंतर स्नायू तसेही कमी होत जातात, पाळी गेल्यावर हाडंही. अशा वयात गुडघे जपायचे म्हणून बसून राहणं म्हणजे गुडघे घालवणं.

वजनाचंही तेच. एक किलो उतरलं तर चालताना प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोनं कमी होतो, एवढा त्याचा फायदा. पण शैलीनं काय केलंय, तर भात बंद. दुपारी एक भाकरी आणि पाणीदार आमटी, संध्याकाळी भूक लागली की चहाबरोबर टोस्ट, परत चहा. श्रावणात सोमवार आणि शनिवार दोन्ही उपास, दोन्ही दिवशी साबुदाण्याची खिचडी. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात जे काही कस आहे तो शेंगदाण्याच्या कुटाचा. आपल्या तालुक्यात एवढी रताळी पिकतात, ती सालासकट उकडून दह्याबरोबर खाल्ली तर उपासही होतो आणि पोटही धरतं. हे तिला सांगितलं तर म्हणाली, सासूबाई काय म्हणतील. त्यांना रताळं चालतं गं, मी स्वतः विचारलंय.

पण खरा घोळ उपासाचा नाही, रोजच्या ताटाचा आहे. आणि तो एकट्या शैलीचा नाही, आपल्या सगळ्यांचा आहे. आमटी वाढताना बघ कधीतरी. पळी तळाशी घालून डाळ काढायची ती पोरांच्या आणि नवऱ्याच्या ताटात. आपली पाळी येईतो पातेल्यात वरचं पिवळं पाणी, ते भातावर ओतून आपण उठतो. माझ्या आईनं हेच केलं, तुझ्या आईनंही. साठ किलोच्या बाईला दिवसाला पन्नास ग्रॅम प्रथिनं लागतात. घट्ट वरणाच्या वाटीत सहा-सात ग्रॅम, एका अंड्यात सहा, पेलाभर दुधात तेवढीच, मूठभर शेंगदाण्यात सात. पाण्यात काय असणार? मी आता वरण वाढायच्या आधी माझी वाटी काढून झाकून ठेवते. पहिल्यांदा सासूबाईंनी बघितलं, काही बोलल्या नाहीत. आता त्यांचीही वाटी काढते.

तुझा तो प्रथिनांच्या पावडरचा डबा तुलाच लखलाभ. डबा वाईट आहे असं म्हणत नाही, पण मोडाची मटकी, मसूर, हुलगे, ताक, अंडी घरात असताना त्याची गरज कुणाला? आणि शैलीला "भात म्हणजे विष" हा मेसेज तूच पाठवला होतास ना? वडगाव शिवारातला बासमती खाऊन आपण वाढलो, धावलो. भात विष नाही, ताटभर भात आणि बाजूला चिमूटभर भाजी हे वाईट. अर्धं ताट भाजी-कोशिंबिरीनं भरलं, पाव ताटात डाळ-उसळ आली, तर उरलेल्या पाव ताटात भात घे नाहीतर जोंधळ्याची भाकरी घे. भाकरीनंही साखर वाढतेच, चार खाल्ल्या तर चारांची वाढते. नाचण्याची केलीस तर कॅल्शियम जास्त मिळेल. तेलाचा हिशेब करायचा तर माणशी दिवसाला वीस ते तीस ग्रॅम, म्हणजे चौघांच्या घराला महिन्याला तीन किलोच्या आसपास. डबा कधी आणला आणि कधी संपला तेवढं कॅलेंडरवर लिहून ठेव, कळेल. जेवणावर लगेच चहा घेऊ नकोस, अन्नातलं लोह नीट अंगी लागत नाही. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय पाहणीत १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या सत्तावन्न बायकांना रक्त कमी निघालं. आमच्या गल्लीत मागाच्या सुताच्या कांड्या भरता भरता तीनदा चहा पिणाऱ्या बायकांचे चेहरे बघितले की हा आकडा खोटा वाटत नाही. पालेभाजीवर लिंबू पिळ, त्यानं लोह चांगलं शोषलं जातं.

आता व्यायाम. "दिवसभर राबतोय की, आणखी व्यायाम कशाला?" हे आमच्या गल्लीचं पालुपद. कांड्या भरायच्या म्हणजे तासन्‌तास एका जागी वाकून बसायचं, हात चालतात, पाय मुके. धुणीभांडी केली तर कंबर दुखते, दम लागत नाही. राबून बाई दमते, त्यानं अंगात ताकद येतेच असं नाही. जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० साली सांगितलं, आठवड्याला दीडशे ते तीनशे मिनिटं भराभर चालण्यासारखा व्यायाम, आणि निदान दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असं काहीतरी. पहिलं सगळ्यांना पाठ आहे. दुसरं कुणी करतच नाही, आणि शैलीला हवंय ते दुसरंच.

चालायला आम्ही चौघीजणी पहाटे जातो. उघाड असली तर व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत, नाहीतर कपिलेश्वरच्या उड्डाणपुलावरून पलीकडं जाऊन परत. पुलाचा चढ चांगला आहे. बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, एवढा वेग ठेवायचा. तुझ्या घड्याळातल्या दहा हजार पावलांवरून एक सांगते, रागावू नकोस. तो आकडा डॉक्टरांनी ठरवलेला नाही, १९६५ साली जपानात पावलं मोजायचं यंत्र निघालं त्याच्या नावातनं आला. २०१९ मध्ये अमेरिकेतल्या सत्तरीच्या आसपासच्या बायकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोज चार-साडेचार हजार पावलं चालणाऱ्यांतसुद्धा मृत्यूचं प्रमाण पावणेतीन हजारवालींपेक्षा पुष्कळ कमी, आणि साडेसात हजारांच्या पुढं फारसा फरक नाही. रात्री अकराला पार्किंगमध्ये फेऱ्या मारून आकडा पुरा करणं सोड आणि झोप.

शैलीला मात्र मी चाल म्हणणार नाही, आधी उठ-बस म्हणणार. आज सकाळी ती निघायच्या आधी तिला करायला लावलं. खुर्ची भिंतीला टेकवली म्हणजे मागं सरकत नाही. वर तीच उशी ठेवली, उंची वाढली की गुडघ्याला सोपं जातं. कडेशी बसायचं, पावलांत खांद्याएवढं अंतर, टाचा गुडघ्यांच्या जराशा मागं. हात छातीवर दुमडायचे. धड पुढं झुकवायचं आणि अख्ख्या पावलावर जोर देऊन उठायचं, गुडघे आत पडू द्यायचे नाहीत. खरं काम खाली येताना होतं, म्हणून धपकन बसायचं नाही, मनात चार मोजत यायचं. पहिल्यांदा तिनं खुर्चीच्या दांड्याला हात लावला. दुसऱ्यांदा मी तिचे हात धरून ठेवले. तिसऱ्यांदा ती उठली, आपली आपण. आणि चेहरा बघायला हवा होतास! "दुखलं न्हाई की गं," म्हणाली. सहा वेळा केलं आणि मी थांबवलं, कारण पहिल्याच दिवशी जोरात येऊन दुसऱ्या दिवशी गुडघा धरून बसायची तिची खोड तुला माहीत आहे.

एक दिवसाआड करायचं. सहाचे आठ, आठाचे दहा, मग थोडं थांबून आणखी दहा. जमलं की उशी काढायची, मग खुर्चीऐवजी स्टूल, मग आणखी बुटकं काहीतरी. अर्ध्या मिनिटात हात न लावता किती वेळा उठता येतं, अशी एक साधी चाचणी असते. त्यात साठ ते चौसष्टच्या बाईनंसुद्धा निदान बारा वेळा उठावं अशी अपेक्षा असते. शैलीला तिथवर जायला वेळ लागेल, पण जाईल. दूध तापेपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली करायच्या, ते वेगळं. दुसऱ्या दिवशी मांड्या जड झाल्या तर घाबरायचं नाही. गुडघा सुजला किंवा आत कळ आली तर मात्र थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. आणि तो पर्समधला कागद उघडायचा. तिच्या गुडघ्यासाठी काढलेला आहे तो, माझ्या सांगण्यापेक्षा तो मोठा.

आता तुझं काम. माझं ती तोंडावर हो म्हणेल आणि निपाणीला पोचली की विसरेल, कारण माझा तिला धाक नाही. कॅप्टन तू होतीस. तू ओरडलीस की ती उठायची, अजूनही उठेल. तिला फोन कर. झीज, वजन असला शब्दही काढू नकोस, त्यांनी ती मिटून जाते. आज किती झाले, एवढंच विचार. परवा पुन्हा विचार. आणि स्वतः कर, म्हणजे तुलाही आकडा सांगता येईल. चौथ्या मजल्यावर राहून लिफ्टनं भाजी आणायला उतरणाऱ्या कॅप्टनचं कोण ऐकणार? निदान चढताना तरी जिना घे.

तुझ्या ओमला इंजिनिअरिंगला मनासारखी शाखा मिळाली का? काकूंच्या मोतीबिंदूचं झालं का? तुझ्या बढतीचं कळलं, फार आनंद झाला, त्यावर सविस्तर नंतर लिहीन.

शैली दुकानातून साडेनऊला येते, त्याच्या आधी फोन केलास तर गिऱ्हाईक असतं आणि ती नुसतं हूं हूं करते. रविवारी दुपारी नवरा झोपलेला असतो, ती वेळ सगळ्यात चांगली. गुरेळाची चटणी धाकट्या दिराबरोबर पाठवतेय, तो शनिवारी पुण्याला येणार आहे. त्याच्याकडं माझा जुना स्टीलचा डबा परत दे, झाकणासकट.

तुझी,
मंगल