पडणाऱ्या माणसाएवढी जागा

नेरूळ, नवी मुंबई
दि. १२ जुलै

चि. निखिल यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गेल्या रविवारी मावशीला घेऊन आपण घरी येत होतो, तेव्हा रेल्वेवरच्या पुलाच्या चढावर जे झाले त्याविषयी मी गाडीत काही बोलले नाही. मावशी मागे बसली होती, आणि नुकतेच लायसन्स मिळालेल्या मुलाला पाहुण्यांसमोर चार शब्द सुनावणे मला प्रशस्त वाटले नाही. तू पुण्याला परत गेलास, पण तो इडलीवाला काही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. कॅरिअरला बांधलेला ॲल्युमिनियमचा टोप, हँडलला अडकवलेली चटणीची किटली आणि चढ ओढताना प्रत्येक पायडलागणिक डावी-उजवीकडे झुलणारी त्याची पाठ, हे सारे तुलाही दिसलेच असणार. तू तीनदा हॉर्न वाजवलास, त्याच्या हँडलापासून वीतभर अंतरावरून गाडी पुढे काढलीस आणि म्हणालास, "रस्ता काय याच्या बापाचा आहे का?" त्या टोपाचे झाकण खडखडलेले मी काच बंद असतानाही ऐकले.

पुढच्या महिन्यापासून तू महापेच्या नोकरीसाठी रोज ठाणे-बेलापूर रस्त्याने गाडी नेणार आहेस. त्या रस्त्यावर औद्योगिक पट्ट्यातले ट्रक असतात आणि त्यांच्या कडेकडेने सायकलवर कामाला जाणारी माणसेही असतात. म्हणून फोनवर सांगण्यापेक्षा हे लिहून कळवते आहे. शाळेत मी गेली एकोणीस वर्षे सायकलनेच जाते, तेव्हा गाडीच्या काचेतून न दिसणाऱ्या काही गोष्टी मला माहीत आहेत.

पहिली गोष्ट त्या झुलण्याची. सायकल वेगात असते तेव्हा आपोआप सरळ राहते, पण चढावर वेग कमी झाला की तोल सांभाळायला हँडल सतत इकडेतिकडे वळवावे लागते. पाठीमागे वीस-पंचवीस किलोचे ओझे असेल तर विचारूच नकोस. तो माणूस बेफिकीर नव्हता. त्या वेगाने सरळ रेषेत सायकल चालवणे कोणालाच शक्य नसते. आणि तुझ्या हॉर्नने काय झाले ते ऐक. मागून अचानक हॉर्न वाजला की सायकलवाला मान वळवून पाहतो. आपल्याकडे गाड्या उजवीकडून पुढे जातात, म्हणून तो उजव्या खांद्यावरून पाहतो, आणि मान ज्या बाजूला वळते त्याच बाजूला हँडलही थोडे सरकते. म्हणजे ज्या गाडीपासून त्याने दूर व्हावे असे तुला वाटते, तिच्याकडेच तू त्याला ओढून घेतोस. गाडी बरीच मागे असताना एकदा हलकेच वाजवलेला हॉर्न ही सूचना असते. चाक त्याच्या बरोबरीला आल्यावरचा हॉर्न ही नुसती दमदाटी होय.

दुसरी गोष्ट, आम्ही अगदी कडेने का जात नाही. आता पावसाळा आहे, तर एकदा सकाळी आपल्याच सेक्टरमधल्या रस्त्याची डावी कड चालत पाहून ये. वाळू, सुटलेले पेव्हर ब्लॉक, रस्त्यापेक्षा चार बोटे खाली बसलेले चेंबरचे झाकण, आणि पाणी भरले की खाली काय आहे याचा पत्ताच नाही. काही ठिकाणी गटाराच्या जाळीच्या पट्ट्या नेमक्या रस्त्याच्या दिशेने बसवलेल्या असतात, आणि तिच्या फटीत सायकलचे पुढचे चाक अडकले तर माणूस हँडलवरून पुढे फेकला जातो. म्हणून जाणता सायकलवाला कडेपासून दोन-तीन फूट आत चालवतो. तुम्हाला तो मधे मधे येतो असे वाटते. तो त्या जाळीपासून लांब असतो, इतकेच.

आता जी गोष्ट मी घरात कोणालाच सांगितलेली नाही, ती सांगते. तू दहावीला होतास त्या वर्षी माझा डावा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये होता, आणि ओल्या पेव्हर ब्लॉकवरून घसरले असे मी सर्वांना सांगितले होते. ते खरे नव्हते. वाशीच्या बाजारात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका गाडीच्या चालकाने मागे न पाहता दार उघडले. त्याची कड माझ्या हँडलला लागली आणि मी उजवीकडे, रस्त्याच्या मधोमध, पूर्ण लांबीने आडवी पडले. मागून एक टेम्पो येत होता. तो थांबला, कारण त्याने माझ्यापासून पुरेसे अंतर ठेवले होते. दार उघडणारा गृहस्थ खाली उतरला, त्याने दाराची कड बोटाने चाचपून पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिले. तो निघून गेला. मला रुग्णालयात एका रिक्षावाल्याने नेले आणि भाडे घेतले नाही. अपघातात गुंतलेल्या चालकाने जखमीला वैद्यकीय मदत मिळवून दिली पाहिजे, असे मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ सांगते. आणि त्या रिक्षावाल्यासारख्या मदत करणाऱ्याला पोलिसांचा किंवा कोर्टाचा जाच होऊ नये यासाठी २०१९ च्या दुरुस्तीने त्यात १३४अ हे कलम घातले आहे. खरे सांगितले असते तर बाबांनी माझी सायकल त्याच आठवड्यात भंगारात घातली असती, म्हणून मी गप्प राहिले. आता त्यांना सांगितलेस तरी हरकत नाही.

त्या दिवशी रस्त्यावर आडवी पडलेली असताना मला एक हिशेब कळला. सायकलवाल्याच्या बाजूने जाताना हँडल किती रुंद आहे ते पाहून अंतर ठरवायचे नसते, तो पडला तर किती जागा व्यापेल हे पाहून ठरवायचे असते. माझी उंची पाच फूट दोन इंच, म्हणजे सुमारे १५७ सेंटीमीटर. पुढे कधीतरी वाचनात आले की जर्मनीत २०२० पासून शहरात सायकलला ओलांडताना किमान दीड मीटर आणि शहराबाहेर दोन मीटर अंतर सोडणे कायद्यानेच बंधनकारक केले आहे, तेव्हा मला हसू आले. दीड मीटर म्हणजे जवळजवळ मीच की! तेवढी जागा मिळत नसेल तर मागे थांबायचे. पुलाच्या चढावर तुला फार तर वीस सेकंद थांबावे लागले असते, आणि पुढच्या सिग्नलला आपण तसेही दीड मिनिट उभे होतो.

वेगाचाही हिशेब तू करून पाहा, तुझे गणित माझ्यापेक्षा चांगले आहे. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी सेकंदाला साडेसोळा मीटरहून जास्त अंतर कापते. समोरचा पडला हे ध्यानात येऊन पाय ब्रेकवर जाईपर्यंत दीड सेकंद गेला, तर २५ मीटर तिथेच संपले, आणि गाडी थांबायला सुरुवात त्यानंतर होते. ३० च्या वेगाला हे अंतर निम्मे असते, आणि ब्रेक लागल्यानंतरचे तर जवळजवळ चौथा हिस्सा. पाम बीच रस्ता सकाळी मोकळा दिसतो म्हणून तिथे ही गोष्ट सर्वांत आधी विसरली जाते, आणि नेमक्या त्याच वेळी तिथे सायकलवाल्यांचे जथे असतात.

डावीकडे वळताना आरसा पाहतोस, ते चांगले आहे, पण आरशात न दिसणारा एक कोपरा असतो, म्हणून मान वळवूनही पाहा. सायकलला ओलांडून लगेच तिच्यासमोर डावीकडे वळू नकोस. आणि गाडीचे दार उघडताना दाराजवळचा हात वापरू नकोस. तुझे दार उजवीकडे असते, तर ते डाव्या हाताने उघड. तसे केले की खांदा आपोआप वळतो आणि मागचा रस्ता दिसतोच. मित्राच्या गाडीतून डावीकडे उतरताना हेच उलट.

आमच्यात दोष नाहीत असे मी म्हणत नाही. उलट दिशेने येणारे, कानात इअरफोन घालून चालणारे, रात्री काळा शर्ट घालून विनादिव्याचे फिरणारे सायकलवाले पाहून माझाही संताप होतो. आमच्या इमारतीच्या वॉचमनच्या सायकलला मागे लाल रिफ्लेक्टर मीच आणून लावला, आणि त्याने तो पुसून पुसून चकचकीत ठेवला आहे. मीही एकदा शाळेला उशीर झाला म्हणून लाल सिग्नल तोडला होता. चौकात उभ्या असलेल्या माझ्याच वर्गातल्या मुलाने दुसऱ्या दिवशी सर्वांसमोर त्याचा उल्लेख केला.

शनिवारी येशील तेव्हा गाडीची किल्ली बाबांकडेच राहू दे. तुझी जुनी सायकल मी जिन्याखालून काढून पुसून ठेवली आहे. मागच्या चाकाला पंक्चर आहे, पण कोपऱ्यावरचा पंक्चरवाला सकाळी आठला येतो. त्या पुलाच्या चढाने आपण दोघे जाऊन येऊ. पाठीवर दप्तर मात्र भरून घे.

तुझी,
आई

ता. क. इडलीवाला मंगळवारी आपल्या गल्लीत आला होता. गाडी आपलीच होती हे त्याला कळलेले दिसले नाही, आणि मी सांगितले नाही. सहा इडल्या घेतल्या.