काका, ते पुस्तक मीच लपवलं होतं

तीर्थस्वरूप काकांस,
साष्टांग नमस्कार.

तुम्ही आता सुरतेला मुलाकडे असता, डोळ्यांचं ऑपरेशन झालंय आणि नात तुम्हाला मोबाइलवरचं वाचून दाखवते, एवढं कानावर आलं. म्हणून हे पत्र पाकिटात न घालता असं उघड्यावर लिहितेय. पाकिटातून आलं असतं तर तुम्ही "अरे बेन, त्यात काय एवढं" म्हणून घडी करून शर्टाच्या खिशात ठेवलं असतंत. शिवाय इतकी वर्षं मला सरळ, सज्जन म्हणून ओळखणारी पुष्कळ माणसं बडोद्यात आहेत. त्यांच्यासमोरच हे सांगायला हवं.

२००८ च्या पावसाळ्यात मी रावपुऱ्यामागच्या तुमच्या वाचनालयात जीपीएससीचा, म्हणजे गुजरात लोकसेवा आयोगाच्या परीक्षेचा, अभ्यास करायला यायचे. खिडकीजवळचं, पंख्याखालचं टेबल माझं. समोर बसायची ती पादरा गावची. पहाटेच्या गाडीने वडिलांबरोबर भाजीची पोती घेऊन यायची, खंडेराव मार्केटात ती उतरवून द्यायची आणि साडेनऊला हात धुऊन पुस्तक उघडायची. हात धुतले तरी मेथीचा वास राहायचा. पुस्तकात खूण म्हणून एसटीचं तिकीट ठेवायची. मी दांडिया बाजारातली. पणजोबांपासून घरात सरकारी नोकरी, रोज पानावर बसलं की तोच विषय. मला वाटायचं, खुर्ची माझीच आहे, परीक्षा तेवढी द्यायची राहिलीय.

आम्ही मैत्रिणी होतो. हे मुद्दाम लिहिते, कारण वैर असतं तर पुढचं समजायला सोपं गेलं असतं. तिचे ठेपले मी खायचे, माझी कोथिंबीर वडी ती खायची. श्रावणात एका सराव परीक्षेत तिला माझ्यापेक्षा ११ गुण जास्त पडले. मी तिला मिठी मारली, सेवउसळ खाऊ घातली, आणि दुसऱ्या दिवशी ती यायच्या आधी ते पुस्तक लपवलं.

कुठलं, ते तुम्हाला सांगायला नको. गुजरातच्या भूगोलाचं ते जाडजूड, पाठ सुटलेलं पुस्तक. एकच प्रत. बाजारात मिळत नव्हतं, 'बाहेर नेण्यास मनाई' असा शिक्का, झेरॉक्सलाही देत नसत. मी ते मराठी विभागात नेलं. सगळ्यात आतली रांग, खालचा खण, जुन्या मासिकांचे बांधीव खंड. त्यांच्या मागे आडवं सरकवलं. तिकडे कोणी फिरकत नाही हे मला ठाऊक होतं. आपल्याच भाषेची कपाटं ओस पडलीत याचा मी असा उपयोग करून घेतला, हे आठवलं की अजून घशाशी काहीतरी येतं.

तिने दिवसभर शोधलं. तुम्हाला विचारलं तेव्हा मी मान खाली घालून लिहीत होते, पण कान तिकडेच. तुम्ही म्हणालात, "मळी जशे, बेन. कोईक वांचतुं हशे." मिळेल, कोणीतरी वाचत असेल. ते खोटं होतं. ते पुस्तक कोणीच वाचत नव्हतं. मीसुद्धा नाही. टेबलावर आणलं की चोरी उघडी पडणार, म्हणून मलाही त्याला हात लावता येईना. चार दिवस त्या पुस्तकाचा जगात कोणालाही उपयोग नव्हता, आणि तरी मला रात्री शांत झोप लागत होती. या झोपेचीच मला आज जास्त लाज वाटते.

हेवा आणि मत्सर हे दोन शब्द आपण सहज एकाला दुसरा म्हणून वापरतो. मला त्या चार दिवसांत त्यांतला फरक कळला. तिच्यासारखे गुण मला पडावेत, हा हेवा. तो मला सराव परीक्षेच्या संध्याकाळी वाटला, आणि त्याने मी रात्री दोनपर्यंत जागून अभ्यासही केला. तिला ते पडू नयेत, मग मला काही मिळो न मिळो, हा मत्सर. लहानपणी आजी षड्रिपू मोजायची तेव्हा मत्सर शेवटी यायचा, म्हणून मला तो सगळ्यांत धाकटा, निरुपद्रवी वाटायचा. बाकीचे पाच निदान काहीतरी मागतात. हा काही मागतच नाही. दुसऱ्याचं ताट रिकामं दिसलं की याचं पोट भरतं.

चौथ्या दिवशी दुपारी मी पुस्तक जागेवर आहे का बघायला गेले. पुढचे खंड एका ओळीत नीट लावलेले होते. मी घाईत ते दोन बोटं पुढे ठेवून गेले होते. रोज फडकं मारणाऱ्या माणसाच्या नजरेतून ते सुटणार नाही, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मागे हात घातला. पुस्तक होतं. बाहेर काढलं तर ते मी ठेवलेलं पुस्तक नव्हतंच. लोंबणारी पाठ गेली होती, तिथे काळ्या कापडाची पट्टी. सुटलेले जुज, म्हणजे पानांचे जुडगे, एकावर एक बसवून पांढऱ्या दोऱ्याने शिवलेले, दाभणाची भोकं सारख्या अंतरावर. फाटक्या कोपऱ्यांना पातळ कागद लावलेला, त्याच्या खळीचा आंबूस वास येत होता. आणि नर्मदेच्या पानात तिचं एसटीचं तिकीट, जिथं होतं तिथंच. इतकं सगळं उसवून शिवताना तुम्ही ते काढून बाजूला ठेवलं असणार आणि शेवटी आठवणीने परत त्याच पानात घातलं असणार.

मी तिथेच फरशीवर बसले. किती वेळ, माहीत नाही. मग पुस्तक घेऊन तुमच्या टेबलाशी आले. बोलायचं काय ते ठरवून आले होते, पण तोंड उघडेना. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत नाही. पुस्तक हातात घेतलंत, पाठीवरून अंगठा फिरवलात आणि म्हणालात, "शिवण जरा ओली आहे अजून. पण आता दोघींचा हात सोसेल."

बस, तेवढंच. नंतरच्या वर्षांत मी बरेच उपदेश ऐकले, थोडे केलेही. त्या वाक्याइतकं दुसरं काही मला लागलं नाही. तुम्ही मला पकडलं होतंत, आणि मला पकडलंय हे मी स्वतःला सांगण्याआधी एकदाही कळू दिलं नाहीत.

पण लाजेचं एक वाईट असतं, ती थांबायला हवी तिथे थांबत नाही. माझ्या डोक्यात बसलं की हे सगळं महत्त्वाकांक्षेने झालं. पहिलं यायची आस धरली म्हणून मी इतकी खाली गेले, तर ती आसच नको. मी घरी सांगून टाकलं की परीक्षा देणार नाही. बाबा दोन दिवस जेवले नाहीत. मला आपण फार मोठा त्याग करतोय असं वाटत होतं, आणि त्यातही मी स्वतःचंच कौतुक करत होते.

मग २३ सप्टेंबरला सकाळी तुम्ही काकूंना घेऊन आमच्या दारात उभे. पांढरा शर्ट, हातात शेवंतीची पुडी. बाबांना म्हणालात, हिला जरा कमाटीबागेत नेऊन आणतो. मला वाटलं, फिरायला. त्या वडाखाली माणसं जमली होती, फुलं, मेणबत्त्या. मी बडोद्यात जन्मले, त्या बागेत घसरगुंडीवर वाढले, आणि ते झाड मला ठाऊक नव्हतं.

तुम्ही मला तिथे बसवून हिशोब सांगावा तसं सांगितलंत. १९१३ साली सयाजीराव महाराजांनी भीमराव आंबेडकर नावाच्या तरुणाला अमेरिकेत शिकायला शिष्यवृत्ती दिली, महिना ११.५ पौंड, तीन वर्षं. परत येऊन बडोद्याची १० वर्षं नोकरी करायची, असा करार. तो न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकला, पोटाला चिमटा काढून पुस्तकं घेतली. परतताना सामान वेगळ्या बोटीने पाठवलं, तर महायुद्धात ती बोट पाणतीराने बुडाली आणि पुस्तकंही गेली. १९१७ साली करार पाळायला तो बडोद्यात आला, तर या शहरात त्याला कोणी खोली देईना. पारशी नाव सांगून धर्मशाळेत राहिला. अकराव्या दिवशी लाठ्या घेतलेल्या माणसांनी बाहेर काढलं. रात्रीची मुंबईची गाडी येईपर्यंत तो इथे, या बागेत बसला होता. त्याच्याच आठवणीला ही माणसं जमली होती.

सांगून झाल्यावर तुम्ही बराच वेळ गप्प होतात. मग माझ्याकडे वळून विचारलंत, "त्यांना काय कमी भूक होती, बेन?"

मी काही बोलले नाही. पण त्या दिवसापासून तो प्रश्न माझ्याबरोबर आहे. पुस्तकांची भूक त्यांच्याएवढी किती जणांना असेल? पुढे दादरला राजगृह बांधलं ते पुस्तकांना जागा हवी म्हणून. १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली सिद्धार्थ महाविद्यालय सुरू केलं. ज्याला लाठ्या दाखवून शहराबाहेर काढलं, त्याने इतरांसाठी दारं उघडली. आणि माझ्यावर कोणी बोटही उगारलेलं नसताना मी एक पुस्तक कपाटामागे दडवलं. भूक दोघांकडे होती. तेव्हा भुकेला दोष देऊन मला सुटता येणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी साडेनऊला टेबलावर होते. आम्ही दोघींनी त्या पुस्तकातली कोष्टकं वाटून घेतली, अर्धी तिने उतरवली, अर्धी मी. ती त्याच खेपेला निवडली गेली. मला तिसरी खेप लागली. पेढे द्यायला आले तेव्हा तुम्ही निवृत्त झाला होतात.

आता हे पत्र आजच का, तेही सांगते. गेल्या महिन्यात माझ्या टेबलावर हाताखालच्या एका मुलीची फाइल आली. गांधीनगरच्या प्रशिक्षणासाठी तिचं नाव. हुशार आहे, माझ्यापेक्षा लवकर वर जाईल, हे सगळ्यांना दिसतं. मुदत संध्याकाळपर्यंत. मी ती फाइल उचलली आणि गठ्ठ्याच्या तळाशी ठेवली. कोणी सांगितलं नाही, मनात काही ठरवलंही नाही. हाताने आपणहून केलं, जसं खंडांमागे पुस्तक सरकवताना केलं होतं. मला वाटत होतं की माझ्यातलं ते २००८ सालीच संपलं. ते कुठे गेलं नव्हतं, काका. वयाने आणि पदाने फक्त त्याला बसायला खुर्ची मिळाली होती. चार वाजता चहा आला, कप ठेवायला जागा करताना त्या फाइलीची कड गठ्ठ्याच्या बाहेर दोन बोटं आलेली दिसली. मी तिथेच ती काढली, सही केली आणि शिपायाबरोबर न पाठवता स्वतः खाली नेऊन दिली.

त्याच रात्री पादऱ्याच्या तिला फोन लावला आणि पुस्तकाचं सगळं सांगून टाकलं. माझ्या यजमानांना हे पूर्वीपासून माहीत होतं आणि त्यांचं एक म्हणणं कायम होतं: तुमच्या काकांनी तुला सांभाळलं ते ठीक, पण त्या दुसऱ्या मुलीचे चार दिवस गेले त्याचं काय? पुस्तक सापडल्याबरोबर त्यांनी ते तिला द्यायला हवं होतं. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. माझ्यावरच्या दयेची किंमत तिने मोजली, असं मला वाटत आलं.

ती फोनवर थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पण मी तर ते वाचत होते." दुसऱ्याच दिवशी तुम्ही तिला चिठ्ठी लिहून मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत पाठवलं होतंत. तिथे त्याच पुस्तकाची प्रत होती. रोज दुपारी ती तिकडे जायची. समोरची खुर्ची दुपारभर रिकामी दिसायची, तेव्हा मला वाटायचं, ती खचली.

आणि मग ती त्या इमारतीबद्दलच बोलत राहिली. लोखंडी कपाटांच्या मजल्यांमधली ती काचेची जमीन तिने तेव्हा पहिल्यांदा पाहिली. वर कोणी उभं असलं तरी उजेड खालपर्यंत येतो, याचं तिला फार नवल वाटलं होतं. तिच्या पणजोबांच्या गावी गायकवाडीत पुस्तकांची लाकडी पेटी यायची, अशी घरात आठवण आहे. सयाजीरावांनी १९१० साली बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून राज्यभर वाचनालयांची व्यवस्था बसवली आणि खेड्यांसाठी अशी फिरती वाचनालयं काढली, त्यातलीच ती पेटी असणार. माझ्यावर ती रागावली का, ते मी विचारलं नाही. तिनेही सांगितलं नाही. फोन ठेवताना एवढंच म्हणाली, काकांची तब्येत कशी आहे?

म्हणजे त्या चार दिवसांत तुम्ही दुपारी एकीला वाट काढून दिलीत, आणि वाचनालय बंद झाल्यावर दिवा लावून दुसरीसाठी दाभण हातात घेतलंत. आणि आम्हा दोघींपैकी एकीलाही दुसरीचं कळू दिलं नाहीत. याबद्दल तुमचे आभार मानायला मला इतकी वर्षं लागली, त्याची क्षमा असावी.

येत्या २३ सप्टेंबरला आम्ही दोघी येतोय. तुम्हाला प्रवास झेपणार असेल तर नातीला घेऊन या, सुरतेहून सकाळच्या गाडीने. बागेजवळच्या काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी नऊ वाजता थांबतो. ठेपले ती आणणार आहे, कोथिंबीर वडी मी.

तुमची,
खिडकीजवळच्या टेबलावरची