ओझ्याला मर्यादा आली, वेगाला कधी येणार?

संपादक महोदय,

नागपूर देशाचं लॉजिस्टिक हब होणार, गोदामांत रोबोट येणार, अशा बातम्या हल्ली वरचेवर वाचायला मिळतात. बातमीत जमिनीचे एकर असतात, गुंतवणुकीचे कोटी असतात. अमरावती रोडवरच्या ज्या गोदामात मी नोकरी करते तिथे रोबोट कधीच येऊन कामाला लागले आहेत. मी आधी रॅकमधून माल काढायचं काम करायचे, आता एका पाळीची सुपरवायझर आहे. रोबोट नकोत असं म्हणायला हे पत्र लिहीत नाही, हे आधीच सांगून टाकते. मला बोलायचं आहे ते एका आकड्याबद्दल: तासाला किती नग काढायचे, त्या आकड्याबद्दल.

वाडी-दत्तवाडीला गोदामं नवीन नाहीत. उत्तर-दक्षिण आणि पूर्व-पश्चिम जाणारे दोन मोठे महामार्ग, आताचे ४४ आणि ५३ क्रमांकाचे, नागपुरात भेटतात. ट्रान्सपोर्टवाल्यांचं बस्तान इथे जुनंच आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि गोदामांचा आकार बदलला. त्याआधी परराज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा, म्हणून कंपन्या राज्याराज्यांत छोटी छोटी गोदामं ठेवून तिथूनच विकायच्या. ते कारण संपल्यावर मोक्याच्या ठिकाणी एकच मोठं गोदाम परवडायला लागलं. ५ जून २०२५ ला समृद्धी महामार्गाचा शेवटचा टप्पा खुला होऊन ७०१ किलोमीटर पूर्ण झाले. गोंडखैरी, बुटीबोरी, मिहान, जिकडे बघाल तिकडे पत्र्याच्या शेड उभ्या राहत आहेत.

रोबोट म्हटलं की लोकांना हातपाय असलेला पुतळा आठवतो. आमचा रोबोट गुडघ्यापर्यंतही येत नाही. चपटा, चाकांवर पळणारा. फरशीवर ठरावीक अंतरावर चौकोनी कोडचे स्टिकर चिकटवलेले असतात, त्याच्या पोटाखालचा कॅमेरा ते वाचत जातो. नेमक्या रॅकच्या खाली शिरतो, रॅक उचलतो आणि टेबलापाशी उभ्या असलेल्या मुलीसमोर आणून ठेवतो. कोणत्या कप्प्यातून काय काढायचं ते दिव्याने दिसतं. तिने वस्तू काढायची, स्कॅन करायची, ज्या क्रेटचा दिवा लागला त्यात टाकायची आणि बटण दाबायचं. तो रॅक जातो, मागचा पुढे सरकतो.

ही कल्पना कुठून आली ते मी नंतर वाचलं. अमेरिकेत वेबव्हॅन नावाची घरपोच किराणा देणारी कंपनी २००१ मध्ये बुडाली. तिथे काम केलेल्या मिक माउंट्झ यांनी २००३ मध्ये किवा ही कंपनी काढली, माणसाने मालाकडे जाण्याऐवजी माल माणसाकडे आणायचा, एवढ्या विचारावर. २०१२ मध्ये अॅमेझॉनने ती ७७ कोटी ५० लाख डॉलरला घेतली आणि पुढे ते रोबोट स्वतःपुरतेच ठेवले. बाकीच्या जगाला मग आपापले रोबोट शोधावे लागले. त्यात आपलेही लोक मागे नाहीत. बिट्स पिलानीच्या दोन मुलांची ग्रेऑरेंज, नोएडाची अॅडव्हर्ब, आणि आपल्या पुण्याची अनबॉक्स रोबोटिक्स, जी पार्सलं वेगवेगळी लावणारे रोबोट बनवते. बरं वाटतं वाचून.

आणि फायदाही खराच आहे. पूर्वी हातात स्कॅनर आणि पुढे ट्रॉली घेऊन पूर्ण पाळीभर रॅकच्या गल्ल्यांतून चालायचो. साबण एका टोकाला, शाळेच्या वह्या दुसऱ्या टोकाला. सुटी झाली की मुली बाहेरच्या ओट्यावर बसून टाचा चोळायच्या. ते चालणं गेलं. वरच्या कप्प्यासाठी शिडी लावणं कमी झालं. चुकीची वस्तू जाण्याचं प्रमाण घटलं, त्यामुळे रिटर्नच्या कोपऱ्यातला ढीगही घटला. याबद्दल माझी काही तक्रार नाही.

पण चालण्यात थोडी उसंतही होती, हे ते गेल्यावर कळलं. एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत जाताना पाण्याचा घोट व्हायचा, मैत्रिणीशी दोन शब्द व्हायचे, खांदा सैल सुटायचा. आता रॅक समोर येऊन उभाच असतो आणि त्याच्या मागे दुसरा. तोच खांदा, तेच मनगट, तीच अर्धी गिरकी. स्क्रीनच्या कोपऱ्यात एक आकडा सतत दिसत असतो, तासाला किती नग. हिरवा असला तर ठीक, पिवळा झाला की माझ्या टॅबवर सूचना येते, लाल झाला की मला जाऊन उभं राहावं लागतं. परवा एक मुलगी म्हणाली, "ताई, लघवीले जाऊन येऊ का, लाल झाला तर तुम्ही बोलून राहाल काय मले?" वीस-बावीस वर्षांची पोर. मी जा म्हटलं. आकडा लाल झालाच.

हा आकडा कोण ठरवतं? मी नाही. आमचे गोदाम व्यवस्थापकही नाहीत. पाळी सुरू होताना तो टॅबवर येतो. मागच्या दिवसांत कोणी किती नग काढले याचा हिशेब करून सॉफ्टवेअर तो बसवतं, एवढंच आम्हाला सांगण्यात आलं आहे. म्हणजे सगळ्या जणींनी जीव तोडून काम केलं की दुसऱ्या दिवशी तोच आकडा वर चढणार. मागच्या सेलच्या तोंडावर तो वाढला. सेल संपला, जादा घेतलेली पोरं ठेकेदाराने घरी पाठवली, आकडा मात्र खाली उतरला नाही.

त्यात यंत्राचा दोष माणसाच्या खात्यावर पडतो. मे महिन्यात आमच्याकडे धूळ किती, हे नागपूरकरांना सांगायला नको. फरशीवरच्या स्टिकरवर धुळीचा थर बसला की रोबोट जागीच थांबतो. मग लाल जाकीट घातलेला टेक्निशियन तेवढा भाग बंद करून आत जातो, फडकं मारतो, परत सुरू करतो. तोवर टेबलापाशी रॅक येत नाही. सांडग्या मिरच्यांची पाकिटं, साड्यांची प्लॅस्टिकची पुडकी, असला गुळगुळीत माल कप्प्यात मागे घसरतो. हात खांद्यापर्यंत घालून शोधावा लागतो. ही मिनिटं मुलीच्या तासातूनच कापली जातात. उशीर झाला की मला टॅबवर कारण निवडावं लागतं. त्या यादीत 'ऑपरेटर हळू', 'ऑपरेटर जागेवर नाही', 'स्कॅन चूक' अशी कारणं आहेत. 'रॅक उशिरा आला' हे कारण यादीतच नाही.

रोबोटच्या अंगावर मात्र पाटी आहे. किती किलोपर्यंत उचलणार, ते तिच्यावर छापलेलं आहे. त्याहून जास्त भरलं तर तो उचलत नाही आणि कोणी त्याला बोल लावत नाही. त्याच्या लिथियम बॅटरीला ४५ अंशांच्या वर चार्ज करू नका असं पुस्तिकेत लिहिलेलं आहे. आमच्या मे महिन्याचा पारा तेवढाच. म्हणून उन्हाळा लागला तसे चार्जिंगच्या कोपऱ्यात मोठे कूलर बसले. टेबलांपाशी पंखे होते. आमच्याकडे कूलर आले ते नंतर, एका मुलीला भोवळ आल्यावर.

माझे बाबा कळमन्याच्या बाजारात हमाल होते. त्यांच्या उमेदीच्या काळात शंभर किलोचं पोतं पाठीवर घ्यायचे. पन्नास किलोची गोणी पुढे आली, ती काही व्यापाऱ्यांना दया आली म्हणून आली नाही. हमालांनी एकत्र येऊन मागितली, भांडून मिळवली. महाराष्ट्राने १९६९ मध्ये माथाडी कायदा केला, अण्णासाहेब पाटलांसारख्यांनी त्यासाठी हमालांची संघटना बांधली होती. चढवणं, उतरवणं, थप्पी लावणं, वाहणं, वजन-माप करणं, ही कामं ज्यांना कोणी कामगारच म्हणत नव्हतं अशांची होती. त्यांची नोंद झाली, मजुरी मंडळामार्फत मिळू लागली, फंड कापला जाऊ लागला. देशात असा कायदा करणारं राज्य आपलं आहे, आणि गोदामातल्या वेगाबद्दल मात्र आपल्याला काहीच म्हणायचं नाही? मी बाबांना आमचं काम समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "आमच्या वाक्ती काटा पोत्यापाशी होता वं. तुमच्या इथं मानसापाशीच काटा लावला."

अमेरिकेत हे आपल्याआधी घडून गेलं आहे. रिव्हील या शोधपत्रकारितेच्या संस्थेने २०२० मध्ये अॅमेझॉनच्या गोदामांतल्या दुखापतींच्या नोंदी तपासल्या, तेव्हा रोबोट असलेल्या गोदामांत गंभीर दुखापतींचं प्रमाण रोबोट नसलेल्या गोदामांपेक्षा बरंच जास्त निघालं. कंपनीने तो निष्कर्ष मान्य केला नाही. पण त्यातली एक गोष्ट मला ताबडतोब पटली: रोबोट येण्याआधी तासाला शंभरेक नग काढणाऱ्यांकडून रोबोट आल्यावर चारशेपर्यंत अपेक्षा केली जात होती. यंत्राने हात ओढला नाही, यंत्राच्या वेगाला हात पुरला नाही.

पुढे कॅलिफोर्नियाने कायदा केला. १ जानेवारी २०२२ पासून तिथे मोठ्या गोदामांच्या मालकाला ताशी किती काम अपेक्षित आहे ते कामगाराला लेखी द्यावं लागतं. जेवण, विश्रांती, लघवी यांच्या आड येणारा आकडा लावता येत नाही. कामगाराने मागितल्यास त्याच्या स्वतःच्या वेगाची मागच्या ९० दिवसांची नोंद त्याला द्यावी लागते. यात रोबोट बंद करा असं कुठेही नाही, आणि या कायद्यामुळे तिथली गोदामं ओस पडली असंही झालेलं नाही.

आमच्याकडे लगेच म्हटलं जाईल की असली बंधनं घातली तर गुंतवणूक दुसऱ्या राज्यात जाईल. जाऊ द्या म्हणणारी मी नाही. माझं घर याच नोकरीवर चालतं. पण ट्रकला नागपूर मध्यावर पडतं म्हणून ही गोदामं इथे आली आहेत. भिंतीवर एक कागद लावावा लागला म्हणून नकाशा हलत नाही.

कामगार खात्याकडे माझं मागणं थोडकं आहे. ताशी आकडा सकाळी टॅबवर न येता मराठीत आणि हिंदीत लिहून टेबलापाशी लागावा, त्याखाली तो ठरवणाऱ्याचं पद असावं. उन्हाळ्याचा आकडा हिवाळ्याच्या आकड्यापेक्षा कमी असावा. पंचेचाळीस अंशांत आणि डिसेंबरात एकच माप लावणारा माणूस नागपुरात राहत नसावा. रोबोट बंद असलेला वेळ मुलीच्या खात्यावर धरू नये; तो किती होता हे सॉफ्टवेअरला सेकंदासकट ठाऊक असतंच. आणि लाल जाकीटवाले टेक्निशियन सध्या बाहेरून येतात, त्यासाठी इथल्या आयटीआयमध्ये शिकवणी सुरू झाली आणि आमच्या टेबलावरच्या दोन-चार मुली तरी त्या जाकिटात गेल्या, तर मला आनंदच होईल. धूळ कुठे बसते ते त्यांना आत्ताच माहीत आहे.

बाकी सगळ्याला वेळ लागेल हे मला कळतं. पण टॅबवरच्या यादीत 'रॅक उशिरा आला' हे एक कारण वाढवायला कायदाही लागत नाही आणि पैसाही. तेवढं तरी दिवाळीच्या सेलआधी व्हावं.

आपली,
एक गोदाम कर्मचारी, दत्तवाडी, नागपूर
(अजून नोकरीत आहे, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)