खताच्या डब्याला हवा आहे सुका पाला

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ओला कचरा घरातच जिरवा, असे आवाहन पुणे महापालिका वर्षानुवर्षे करत आली आहे आणि गांडूळखत प्रकल्प चालवणाऱ्यांना मिळकतकरात सवलतही देते. तरीही हौसेने आणलेले खताचे डबे थोड्याच दिवसांत गच्चीच्या कोपऱ्यात उपडे पडलेले दिसतात. त्याचे खापर लोकांच्या आळसावर फोडले जाते. माझ्या मते खरी अडचण सुक्या पाल्याची आहे.

भाज्यांची देठे, फळांच्या साली, उरलेले अन्न यांत पाणी आणि नत्र (नायट्रोजन) भरपूर असते, कर्ब (कार्बन) मात्र त्या मानाने कमी; ती उणीव सुका पाला भरून काढतो. नुसता ओला कचरा साठवला की तो दबून बसतो, आत हवा खेळत नाही, दुर्गंधी सुटते, तळाशी काळे पाणी साचते आणि मग घरातली मंडळी डबा बाहेर काढायला लावतात. त्याच कचऱ्याच्या प्रत्येक थरावर सढळ हाताने सुका पाला चुरून टाकला, पळीभर आंबट ताक शिंपडले आणि अधूनमधून सगळे खालीवर केले, तर दोन-तीन महिन्यांत पहिल्या पावसातल्या मातीसारख्या वासाचे भुसभुशीत खत तयार होते. मिश्रण मुठीत दाबल्यावर हाताला ओल लागावी, पण बोटांतून पाणी ठिबकू नये, एवढे सांभाळले की पुरे.

हाच कचरा डेपोत गेला की ढिगाखाली हवेविना कुजून मिथेन सोडतो आणि शंभर वर्षांच्या हिशेबात मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २८ पट उष्णता धरून ठेवतो. डेपोमुळे विहिरींचे पाणी नासल्याची, त्याला लागून असलेल्या उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या ग्रामस्थांची तक्रारही जुनीच आहे.

दुसरीकडे, पानगळीच्या दिवसांत रस्तोरस्ती पिंपळ, करंज, शिरीष यांच्या पानांचे ढीग लागतात आणि पहाटे त्यांना काडी लावली जाते. उघड्यावर कचरा जाळल्यास ५,००० रुपये दंड करण्याचा आदेश राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये दिला. तो दंड भरलेला माणूस निदान माझ्या पाहण्यात नाही. एकाच गल्लीत कोणी सुका पाला मिळत नाही म्हणून पैसे मोजून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणतो आणि चार घरे पलीकडे तोच पाला धूर होऊन दमेकऱ्यांच्या छातीत जातो, हा प्रकार अजब आहे. पाला नकोसा झालेले आणि पाला हवा असलेले यांची गाठ घालून देण्याचे काम पुण्यात ‘ब्राउन लीफ’ या नागरिकांच्या उपक्रमाने करून दाखवले आहे. मात्र एवढ्या मोठ्या शहराचा भार स्वयंसेवकांवर टाकून चालणार नाही.

म्हणून प्रत्येक क्षेत्रीय कार्यालयाने डिसेंबर ते एप्रिल या काळात झाडलेला पाला प्लॅस्टिक वेगळे काढून पोत्यांत भरावा, जवळच्या उद्यानात ठेवावा आणि मागेल त्याला विनामूल्य द्यावा. पावसाळ्यात सुका पाला मिळणे अशक्यच असते, त्यामुळे जूनपूर्वी काही पोती छपराखाली राखून ठेवण्याची तजवीजही व्हावी.

– एक वाचक, पुणे