मुळशीच्या मुलांना जुनी दप्तरं पाहू द्या : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री,
महाराष्ट्र राज्य यांस,

स. न. वि. वि.

मुळशी तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मी इतिहास शिकवते. आमच्या नववीच्या मुलांनी यंदाचं हस्तलिखित मुळशी सत्याग्रहावर काढलं. ते करताना काम एका जागी अडलं, आणि ती अडचण दूर करणं आपल्या खात्याच्या हातात आहे.

विषय आमच्या दारातलाच. मुळा आणि निळा नद्यांच्या खोऱ्यात टाटांच्या वीज कंपनीने धरण बांधायला घेतलं तेव्हा 52 गावं आणि सुमारे 11,000 माणसं उठणार होती. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, मावळ्यांनी बांधकामाच्या जागी सत्याग्रह सुरू केला. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. पांडुरंग महादेव बापट ‘सेनापती’ झाले ते या लढ्यात. धरण मात्र झालंच. पाणी घाटाखाली भिऱ्याला उतरलं, तिथली वीज मुंबईला गेली. इतकं मुलांना पुस्तकांतून मिळालं. मग त्यांना सांगितलं, आता आपापल्या घरी विचारा.

गट मैत्रीप्रमाणे पाडले नाहीत. प्रत्येक गटात वेगवेगळ्या गावांची मुलं घेतली, आणि एकाने घरून आणलेली हकिकत दुसऱ्या गावच्या मुलाने तपासायची असं ठरलं. यात वेळ फार जातो, पण मला विचाराल तर खरं शिक्षण तिथेच झालं. आजीने सांगितलं म्हणजे ते खरंच, असं मानणारी मुलं ‘आजीला कुणी सांगितलं?’ असं विचारू लागली. सत्याग्रह पाहिलेलं आज कुणी नाही. आमच्यापर्यंत येतं ते आजोबांनी त्यांच्या आजोबांकडून ऐकलेलं. पाण्याखाली गेलेल्या आंबेमोहराच्या खाचरांची नावं मुलांनी गावोगाव विचारून गोळा केली. तीन घरांतून तेच नाव आलं तरच ते नकाशावर चढलं. नकाशा काढणारी मुलगी दुसऱ्या तालुक्यातून आलेली, या खोऱ्याशी तिचं नातंगोतं नाही. सगळ्यांत बारीक प्रश्न तिचे असत.

सगळ्यांत मोठं भांडण मोबदल्यावरून झालं. एकाच गटातल्या एकाच्या घरात ‘आमचे पणजोबा तुरुंगात गेले’ असं सांगतात, दुसऱ्याच्या घराबद्दल गावात अजून ‘त्यांनी पैसे घेतले’ असं बोललं जातं. तो मुलगा चार दिवस गटात बसेना. सोबतच्या मुलांनीच त्याला परत आणलं आणि दोन्ही घरांची हकिकत समोरासमोरच्या पानांवर, सारख्याच लांबीची, ज्याची त्याने लिहायची असं ठरवलं. मी मध्ये पडले असते तर इतकं न्यायाचं काही सुचलं नसतं.

पण पुढचा प्रश्न पानं वाटून सुटत नाही. खोऱ्यातल्या कितीतरी जमिनी त्या काळी पुण्याच्या सावकारांकडे गेलेल्या होत्या. त्यांतल्या अनेकांना जमिनीपेक्षा मोबदला हवा होता. जमीन कसणाऱ्या कुळाच्या हाती काय पडलं, हा वेगळाच हिशेब. म्हणजे ‘पैसे घेतले’ हा बोल एखाद्या घराने शंभर वर्षं विनाकारणही सोसला असेल. खरं काय ते भूसंपादनाच्या निवाड्यांत आणि फेरफाराच्या नोंदींत सापडेल. हे कागद मागायला आम्ही एका कार्यालयात गेलो. विद्यापीठाचं पत्र असलेल्या संशोधकांनाच परवानगी मिळते, शाळेच्या मुलांना नाही, असं उत्तर मिळालं. त्यातून त्या काळचं गावदप्तर बरंचसं मोडीत. हातात आलं असतं तरी वाचणार कोण?

साहेब, पुराभिलेख संचालनालय आपल्या खात्याखाली येतं. मुंबईचं आणि पुण्याचं पुरालेखागार ही महाराष्ट्राची मोठी ठेव आहे आणि ती जपणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. मूळ कागद मुलांच्या हातात द्या असं मी म्हणत नाही. मुख्याध्यापकांचं पत्र आणि सोबत शिक्षक असेल, तर शाळेच्या गटाला नोंदींच्या प्रती पाहता याव्यात, असा लेखी आदेश काढावा. वर्षातून काही दिवस मोडी वाचणारा जाणकार अशा गटांसाठी नेमावा. जे कागद महसूल खात्याकडे आहेत, त्यांच्यासाठी आपण महसूल मंत्र्यांशी बोलावं. दोन खात्यांमधल्या फेऱ्या पंधरा वर्षांच्या मुलांच्या वाट्याला येऊ नयेत.

आणखी एक विनंती. राज्यातल्या शाळा दरवर्षी हस्तलिखितं काढतात आणि स्नेहसंमेलन झालं की ती कपाटात जातात, पुढे वाळवीच्या तोंडी पडतात. गावाच्या इतिहासावरच्या हस्तलिखिताची छायाप्रत जिल्ह्याच्या शासकीय ग्रंथालयात दाखल करून घ्यावी. आमच्या मुलांनी जमवलेली खाचरांची नावं आज त्या एका वहीत आहेत. सांगणारी माणसं ऐंशीच्या पुढची आहेत.

मोबदल्याचं प्रकरण आम्ही अपुरं ठेवलं आहे. जूनमध्ये येणारी नववीची तुकडी ते पुढे नेणार आहे. त्याआधी आदेश निघाला तर मुलं पहिल्या महिन्यापासून कामाला लागतील. आपण किंवा आपले अधिकारी शाळेत आलात, तर हस्तलिखित मुलं स्वतः वाचून दाखवतील, आणि ती समोरासमोरची पानं लिहिणारे दोघेही तिथे असतील.

आपली नम्र,
इतिहासाची एक शिक्षिका,
मुळशी तालुका, जि. पुणे