पोहणाऱ्याने बांधलेला तलाव

मा. क्रीडामंत्री,
महाराष्ट्र राज्य

सप्रेम नमस्कार.

नव्या जलतरण तलावांचे आराखडे आपल्या सहीला येतात, त्या फायलीत आल्फ्रेड हायोश या हंगेरियन माणसावर एक टिपण जोडलेलं असावं, एवढ्यासाठी हे पत्र.

हायोश बुडापेस्टचा, जन्म १८७८. तेरा वर्षांचा असताना वडील डॅन्यूब नदीत बुडाले आणि पोरगा पोहण्याच्याच मागे लागला. १८९६ च्या अथेन्स ऑलिंपिकला तलाव कसला, शर्यती पिरेयसच्या समुद्रात, एप्रिलच्या गार पाण्यात. बाराशे मीटरच्या स्पर्धकांना होडीतून आत नेऊन सोडलं आणि पोहत किनारा गाठायला सांगितलं. याने अंगाला चरबीचा जाड थर फासला होता. तरी जिंकण्यापेक्षा जिवंत परतायचीच ओढ जास्त होती, असं त्याने नंतर सांगितलं. ती शर्यतही जिंकला, शंभर मीटरचीही. तेव्हा तो आर्किटेक्चर शिकत होता.

गडी पाण्यातच रमला असंही नाही. धावणं, थाळीफेक यांत राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. १९०२ मध्ये हंगेरीच्या ऑस्ट्रियाविरुद्धच्या पहिल्यावहिल्या फुटबॉल सामन्यात तो खेळला (पाच-शून्यने हरले, ते सोडा). ऑलिंपिकमध्ये पूर्वी कलास्पर्धाही असत. १९२४ ला पॅरिसमध्ये देझो लाउबरसोबत केलेल्या स्टेडियमच्या आराखड्याला रौप्यपदक मिळालं, सुवर्ण कुणालाच दिलं नाही. लाउबरही खेळाडूच, १९०८ च्या ऑलिंपिकला टेनिस खेळलेला.

आणि १९३० मध्ये बुडापेस्टच्या मार्गारेट बेटावर हायोशच्या आराखड्यावरून बंदिस्त जलतरण तलाव उभा राहिला. त्याला आज त्याचंच नाव आहे. २००६ ची युरोपीय जलतरण स्पर्धा त्याच संकुलात झाली.

आता आमचं ऐका. मी मुलांना शिकवते त्या तलावाच्या काठाला चकचकीत फरशी आहे. ओल्या पायांनी पोरं घसरतात, म्हणून आम्ही गोणपाट अंथरतो. स्टार्टिंग ब्लॉक बसवलेत उथळ बाजूला. तिथून सूर मारला तर डोकं तळाला आपटायचं, म्हणून स्पर्धेचा सराव करणाऱ्या मुलीही पाण्यात उतरून, भिंतीला पाय लावून सुरुवात करतात. ठेकेदाराने नकाशाप्रमाणे काम केलं. नकाशा काढणारा कधी पाण्यात उतरला होता का, हे कुणी विचारलं नाही.

मंजुरीच्या समितीवर स्पर्धेत पोहलेली एक व्यक्ती घ्या, आणि निविदा निघण्याआधी आराखड्यावर तिची सही सक्तीची करा. शासन निर्णयात त्यासाठी दोन ओळी पुरतील.

आपली,
एक जलतरण प्रशिक्षक