तक्रार : आपल्याच प्रोग्रॅमने केलेल्या बूट इमेजवरून सीडी सुरू होत नाही

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बूटेबल सीडीत चुकीची इमेज लिहिली जाणे आणि त्यावर मिळालेले उत्तर

महोदय,

आपला सीडी बर्निंगचा प्रोग्रॅम मी रीतसर परवाना घेऊन वापरतो. जुन्या मशीनवरची विंडोज उघडेनाशी झाली की आतल्या फाइली बूट सीडीनेच (जिच्यावरून मशीन थेट सुरू करता येते) बाहेर काढतो, त्यामुळे ती ऐन वेळी चालू न होणे मला परवडत नाही.

आपल्या ‘फ्लॉपीवरून इमेज बनवा’ या सोयीने मी डॉसच्या बूट फ्लॉपीची इमेज (म्हणजे फ्लॉपीची जशीच्या तशी नक्कल असलेली फाइल) केली आणि तीच फाइल ‘बूटेबल सीडी’च्या पर्यायात दिली. ‘सीडी यशस्वीरीत्या तयार’ असा संदेश आला. तीन वेगवेगळ्या मशीनवर लावून पाहिली, एकावरही बूट झाली नाही. आपल्या प्रतिनिधींनी बायोसमधला (मशीन चालू होताच आधी चालणाऱ्या प्रोग्रॅममधला) बूटक्रम बदला, वेग कमी करून बर्न करा, कोऱ्या सीडीचा ब्रँड बदला असे सांगितले. सगळे केले. नऊ सीडी वाया गेल्या.

शेवटी फाइलचा आकार पाहिला. १.४४ एमबी फ्लॉपीची कच्ची इमेज नेमकी १४,७४,५६० बाइट्सची असते: ८० ट्रॅक, २ बाजू, ट्रॅकमागे १८ सेक्टर, सेक्टरमागे ५१२ बाइट्स. आपली फाइल १४,७५,०७२ बाइट्सची, म्हणजे बरोबर ५१२ जास्त. फाइलमधले बाइट्स जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये उघडल्यावर दिसले, की सुरुवातीला आपल्या प्रोग्रॅमने स्वतःची माहिती जोडली आहे. एल टोरिटो या सीडीवरून बूट करण्याच्या प्रमाणित पद्धतीत फ्लॉपी इम्युलेशन (सीडीवरची इमेज म्हणजे फ्लॉपीच, असे भासवणे) असेल तर बायोस इमेजचा पहिला सेक्टर हाच बूट सेक्टर, म्हणजे मशीन सुरू करणारा भाग, समजून चालवते. तिथे आपली जोडमाहिती बसली, खरा बूट सेक्टर एक घर मागे सरकला. मशीन सुरू व्हायचे कसे? मी ते ५१२ बाइट्स कापले, पुन्हा बर्न केली आणि तिन्ही मशीन पहिल्याच खेपेला चालू झाल्या.

म्हणजे दोष ना सीडीचा, ना बायोसचा. एका मेनूतून निघालेली फाइल दुसऱ्या मेनूला ओळखता येत नाही, आणि तो ती बिनबोभाट लिहून टाकतो. पहिल्या सेक्टरच्या शेवटी बूट सेक्टरची ओळख असलेली ५५ एए ही खूण आहे का, एवढे पाहिले असते तरी चूक लगेच पकडली गेली असती. माहितीपुस्तिकेत मात्र ‘सर्व बूट इमेज चालतात’ असे ठळक अक्षरांत छापले आहे, याचा मला सर्वांत जास्त राग आला.

जाता जाता आणखी एक. इम्युलेशनविना (फ्लॉपी न भासवता बूट करण्याच्या) पर्यायात सुरुवातीला किती सेक्टर लोड करायचे हे ठरवताच येत नाही, प्रोग्रॅम १ धरून चालतो. सीडीवरून लिनक्स सुरू करून देणाऱ्या आयसोलिनक्ससारख्या लोडरला ४ लागतात.

बर्न करण्यापूर्वी ही जोडमाहिती काढून टाकणारी आणि आकार न जुळल्यास थांबून सांगणारी दुरुस्ती करावी, पुस्तिकेतले ते वाक्य बदलावे. महिनाभरात हे होणार नसेल तर परवान्याचे पैसे परत करावेत. मूळ आणि कापलेली, अशा दोन्ही फाइली सोबत जोडत आहे. कृपया त्या उघडून पाहिल्याशिवाय उत्तर पाठवू नये.

आपला,
एक नोंदणीकृत ग्राहक